‘मी नाही घाबरत’ म्हणणारा पाच वर्षांचा प्रेक्षक

ताई, आमचं कुटुंब एकत्र आणि टीव्ही एकच. रात्री साडेनऊला धाकटे दीर भुताखेतांची मालिका लावतात. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. ती काकाला चिकटून बसते आणि मजेत बघते. मुलगा पाच वर्षांचा. त्याला उठवायला गेलं की भोकाड पसरतो, ‘मी नाही घाबरत’ म्हणतो आणि तोंडावर उशी धरून कडेने बघत राहतो. गेले तीन आठवडे तो बाथरूमला एकटा जात नाही. रात्री दोन-तीनला उठून आमच्यात येऊन झोपतो. नवरा म्हणतो, आपणही हे सगळं बघूनच मोठे झालो, घाबरू दे थोडा, धीट होईल. सासूबाई म्हणतात, टीव्हीच काढून टाका (स्वतः मात्र संध्याकाळी गुन्ह्यांच्या मालिका बघतात!). मुलगी म्हणते, ‘तो घाबरतो तर माझं का बंद?’ मी मुलाला शंभरदा सांगते की हे सगळं खोटं असतं. तो ‘माहितीये’ म्हणतो आणि तरी घाबरतो. मी कुणाचं ऐकू?
— एक आई

मुलाचं ही मालिका बघणं बंद करा, आजपासून. मुलीचं चालू राहू दे, पण वेळ बदलून. निकाल आधीच सांगून टाकला, कारण तो तुम्हाला घरात चौघांसमोर मांडायचाय. आता कारणं सांगते, त्यांच्याशी बोलताना ती हाताशी असलेली बरी.

तुमच्या पत्रातली खरी मेख शेवटी आहे. ‘माहितीये’ म्हणतो आणि तरी घाबरतो. मुलगा खोटं बोलत नाहीये आणि नाटकंही करत नाहीये. त्याला ‘खोटं असतं’ हे वाक्य पाठ आहे, एवढाच त्याचा अर्थ.

1969 साली रीटा डेव्रीज या मानसशास्त्रज्ञ बाईंनी केलेला एक प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात मेनार्ड नावाचं एक गरीब मांजर होतं. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना आधी त्याच्याशी खेळू दिलं, हात फिरवू दिला. मग मांजराचं तोंड पडद्याआड नेलं आणि त्याला कुत्र्याचा मुखवटा घातला. हे चालू असताना मांजराची मागची बाजू मुलांना दिसत होती, म्हणजे अदलाबदलीला वावच नव्हता. तरीही तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या लेखी समोर आता कुत्रा होता, आणि काही जण त्याला हात लावायला तयार नव्हते. सहा वर्षांची मुलं बहुतेक ठाम होती, की हे मांजरच आहे, फक्त तोंडाला काहीतरी लावलंय. तुमचा मुलगा या दोन टोकांच्या मध्ये आहे. दिवसा, उजेडात, तुमच्या मांडीवर बसून विचारलंत तर तो सहा वर्षांच्या मुलासारखं उत्तर देईल. रात्री बाथरूमच्या दाराशी तो तीन वर्षांचा होतो.

लहान मुलांना टीव्हीवरच्या कशाची भीती वाटते, यावर अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या जोआन कँटर यांनी अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या सगळ्या अभ्यासांमधून एक गोष्ट परत परत पुढे येते: साधारण सात वर्षांपर्यंत मूल ‘दिसतं कसं’ याला घाबरतं, त्यानंतर ‘होऊ शकतं का’ याला. एका प्रयोगात मुलांना एका म्हाताऱ्या बाईची चित्रफीत दाखवली. काहींच्या चित्रफितीत ती गोड, प्रेमळ चेहऱ्याची होती आणि काहींच्या चित्रफितीत चेटकिणीसारखी. वागणंही काही ठिकाणी मायेचं ठेवलं होतं, काही ठिकाणी दुष्टपणाचं. तीन ते पाच वर्षांची मुलं चेहऱ्यावरून बाईला पारखत होती. मोठी मुलं तिच्या वागण्याकडे जास्त बघत होती. हल्कच्या जुन्या मालिकेवरचा 1986 चा प्रयोग तर फारच बोलका आहे. एक साधा माणूस रागावतो, हिरवा, अवाढव्य होतो आणि लोकांना वाचवतो. मोठ्या मुलांना तो हिरवा झाला की हायसं वाटायचं, कारण आता सुटका होणार हे त्यांना कळायचं. छोट्यांची घाबरगुंडी नेमकी तेव्हाच उडायची. गोष्टीत तो चांगला आहे की वाईट, याच्याशी त्यांना देणंघेणंच नव्हतं. ओळखीचा चेहरा बघता बघता पालटला, तिथेच सगळं संपलं.

आता तुमच्या दिरांची मालिका आठवा. तिच्यात काय असतं? चांगली बोलणारी सून मान वळवते आणि डोळे पांढरे झालेले असतात. म्हणजे पाच वर्षांच्या मुलाला जे सर्वांत झोंबतं, नेमकं तेच. त्यात वरून ते पार्श्वसंगीत. कथानकातलं त्याला फारसं काही कळत नसणार, आणि म्हणूनच शेवटी भुताचा बंदोबस्त झाला याचा दिलासाही त्याच्यापर्यंत पोचत नाही.

म्हणून ‘हे खोटं असतं बाळा’ या वाक्यावर विसंबू नका. ते चुकीचं नाही, सांगत राहायला हरकत नाही, पण या वयात त्याने भीती हटत नाही. सात-आठच्या पुढे त्याचा उपयोग होऊ लागतो.

आता नवऱ्याचं म्हणणं. ते अर्धं बरोबर आहे, म्हणून तेवढं तरी त्यांना द्या. मुलांना घाबरायला आवडतं. तान्ही मुलं बुवाकूकला खिदळतात, जरा मोठी झाली की बाबांनी वर उडवून झेलावं असं त्यांना वाटतं, लपाछपीत सापडायच्या क्षणी किंचाळतात आणि ‘परत, परत’ म्हणतात. डेन्मार्कमधल्या आऱ्हूस विद्यापीठात अशा हौसेच्या भीतीचा अभ्यास करणारी एक प्रयोगशाळाच आहे. तिथल्या संशोधकांनी एका भुताटकीच्या करमणूक केंद्रात शिरणाऱ्या लोकांच्या हृदयाचे ठोके मोजले आणि त्यांनाच विचारलं, मजा किती आली? 2020 साली प्रसिद्ध झालेलं त्याचं उत्तर असं: भीती फार कमी असेल तर मजा नाही, फार जास्त असेल तरी नाही. मजा मधल्या पट्ट्यात असते. आता गंमत अशी की तिथे आलेली माणसं आपण होऊन, तिकीट काढून आली होती. बुवाकूकमध्येसुद्धा मूल मान फिरवून खेळ थांबवू शकतं.

तुमच्या दिवाणखान्यात रिमोट काकाकडे आहे. फरक पडतो तो तिथे.

धीटपणाबद्दलही हेच. मुलाची भीती घालवायची तर ती थोडी थोडी, त्याला पेलेल तेवढीच आणि त्याच्या मर्जीने द्यावी लागते. खोल पाण्यात ढकलून दिलेली काही मुलं पोहायला शिकतात हे खरं, पण बाकीची जन्मभर काठावर बसतात आणि त्यांच्या गोष्टी कुणी कौतुकाने सांगत नाही. ‘आपण बघितलं, आपल्याला काय झालं?’ हा प्रश्न 1999 सालच्या एका अभ्यासात जवळजवळ याच शब्दांत विचारला गेला. महाविद्यालयातल्या दीडशेच्या आसपास विद्यार्थ्यांना विचारलं, की लहानपणी किंवा नंतर पडद्यावरचं काही बघून झालेली भीती बघणं संपल्यावरही टिकली होती का? दहापैकी नऊ जण हो म्हणाले. साधारण चौथा हिस्सा विद्यार्थ्यांना त्या गोष्टीची धास्ती तेव्हाही, म्हणजे विशीतही, वाटत होती. हे काही आजारी लोक नव्हते, चारचौघांसारखे होते. तुमच्या नवऱ्यालाही एकदा सहज विचारा, लहानपणी कशाला घाबरायचात? वाद म्हणून नको, गप्पा मारता मारता. ‘काही झालं नाही’ म्हणणाऱ्यांकडे एखादं दार, एखादी विहीर, एखादा जिना हमखास निघतो.

मग मुलगा उठत का नाही? एवढा घाबरतो तर बसतो कशाला? त्याच्या जागी बसून बघा. सगळं घर एका खोलीत आहे. काका, ताई, आई-बाबा, उजेड. उठला तर त्याला कुठे पाठवणार? अंधाऱ्या खोलीत, एकट्याला, आणि तिथे आवाज तर येतच राहणार. दिसत नाही, फक्त किंकाळ्या ऐकू येतात. त्याच्या दृष्टीने सोफ्यावरची उशी हीच घरातली सर्वांत सुरक्षित जागा आहे. वर ‘मी नाही घाबरत’ म्हटलं नाही तर ताई चिडवणार. तेव्हा त्या वाक्यावरून त्याची हिंमत मोजू नका. ते तिथे बसण्याचं तिकीट आहे.

यावरून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि माझ्या मते तीच सर्वांत महत्त्वाची: त्याला हाकलू नका, मालिका हलवा. दिरांशी तुम्हीच बोला, नवऱ्यामार्फत निरोप नको. ‘भावोजी, तुमची मालिका मुलं झोपल्यावर लावाल का? तो रात्री दचकून उठतोय,’ एवढं पुरे. त्यांच्या आवडीनिवडीवर भाष्य नको, ‘तुमच्यामुळे’ हा शब्द तर अजिबात नको. बहुतेक काकालोकांना आपण भाच्या-पुतण्यांना काही वाईट करतोय याची कल्पनाच नसते. पोरगं चिकटून बसतंय याचा त्यांना आनंद असतो. त्यांना त्याच्याबरोबर बघायला दुसरं काही सुचवलंत तर अर्धं काम झालं.

दुसरं काही म्हणजे काय, यालाही आधार आहे. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांची 565 कुटुंबं होती. त्यातल्या निम्म्यांना फक्त कार्यक्रम बदलायला सांगितले, टीव्ही कमी करा असं नाही. मारामारीचे आणि वयाला न शोभणारे कार्यक्रम काढून त्या जागी मुलांसाठी केलेले शांत, मायाळू कार्यक्रम लावा, इतकंच सांगितलं. त्या घरांमधल्या मुलांच्या झोपेच्या तक्रारी कमी झाल्या. सासूबाईंना हे सांगायला हरकत नाही, टीव्ही काढायची गरज नाही म्हणून. (झोपेच्या आधीचा तासभर मात्र तो बंदच असलेला बरा, काहीही लागलेलं असो.)

सासूबाईंचा विषय निघालाच आहे तर एक नाजूक गोष्ट. भुताची मालिका तुमच्या मुलीला बाधत नाहीये, पण त्यांच्या संध्याकाळच्या गुन्ह्यांच्या मालिका बाधू शकतात. नऊ वर्षांच्या मुलीला भूत नसतं हे पक्कं कळलेलं असतं, आणि चोर असतात, मुलं पळवणारे असतात, हेही तितकंच पक्कं कळलेलं असतं. ‘सत्य घटनेवर आधारित’ ही पाटी मोठ्यांसाठी आकर्षण असते आणि या वयाच्या मुलांसाठी धमकी. खरेपणाचा देखावा किती खोल जातो याचं एक जुनं उदाहरण आहे. 31 ऑक्टोबर 1992 ला बीबीसीने एका पछाडलेल्या घरातून थेट प्रक्षेपण चालू आहे असा आव आणून एक काल्पनिक कार्यक्रम दाखवला. त्यात टीव्हीवरचे खरे, ओळखीचे निवेदक होते. पुढे 1994 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये डॉक्टरांनी दोन मुलांची हकिगत छापली. तो कार्यक्रम बघून दोघांना आघातानंतरचा मानसिक त्रास जडला होता. दोघंही दहा वर्षांची होती, म्हणजे तुमच्या मुलीच्या बरोबरीची. तेव्हा मोठी मुलगी ‘धीट’ आहे म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष नको. बातम्यांनाही हेच लागू.

आणि चित्रपट कार्टूनचा आहे म्हणून निर्धास्तही राहू नका. याच जर्नलमध्ये 2014 साली संशोधकांनी मुलांच्या गाजलेल्या अॅनिमेशनपटांची मोठ्यांच्या नाट्यमय चित्रपटांशी तुलना केली, तर महत्त्वाच्या पात्राचा पडद्यावर मृत्यू होण्याचा धोका मुलांच्याच चित्रपटांत अडीच पट निघाला. नाताळच्या गमतीदार अंकातला अभ्यास होता, पण आकडे खरे होते. आई-बाप गमावलेली हरणं, मासे, सिंह यांची यादी तुमची तुम्हीच कराल. पडद्यावरचा वयाचा आकडा बघा जरूर, पण त्यात काय दाखवलंय एवढंच त्यावरून कळतं. तुमच्या मुलाला मांजराच्या डोळ्यांची भीती वाटते की गडगडाटाची, हे तो आकडा लावणाऱ्याला ठाऊक नसतं.

आता रात्रीचं. तो दोनला-तीनला उठून, चालत तुमच्याकडे येतो, म्हणजे बहुधा वाईट स्वप्न पडून जागा होतो. अशी स्वप्नं झोपेच्या उत्तरार्धात जास्त पडतात, मूल पूर्ण जागं होतं आणि काय दिसलं ते सांगू शकतं. जवळ घ्या, पाणी द्या, दोन वाक्यं बोला, त्याच्या अंथरुणावर परत न्या आणि डोळा लागेपर्यंत बसा. काही रात्री तुमच्यातच झोपला तर आभाळ कोसळत नाही. स्वप्नाची सविस्तर उलटतपासणी रात्री नको, ती सकाळी. (झोप लागल्यावर तास-दोन तासांत मूल डोळे उघडे ठेवून किंचाळत असेल, तुम्हाला ओळखत नसेल आणि सकाळी त्याला काहीच आठवत नसेल, तर तो प्रकार वेगळा. त्यात उठवायचं नसतं, फक्त त्याला लागू नये एवढं बघायचं.)

बाथरूमसाठी पहिले काही दिवस बिनबोभाट बरोबर जा. मग दारापर्यंत. मग तुम्ही खोलीत आणि मोठ्याने काहीतरी गुणगुणणं. दिव्याचं बटण त्याचा हात पोचेल असं नसेल तर खाली एक पक्कं स्टूल ठेवा. दिवा स्वतः लावता येणं ही पाच वर्षांच्या माणसाच्या हातातली फार मोठी सत्ता असते. पलंगाखाली बघून ‘भूत नाही, बघ’ असं रोज रात्री दाखवू नका, आणि ‘भूत पळवायचा फवारा’ वगैरेही मला पटत नाही. काही पालक शपथेवर सांगतात की फवारा चालतो. चालत असेलही. पण आपण ज्याला पळवायला फवारा मारतो ते असलंच पाहिजे, एवढा हिशोब पाच वर्षांचं मूल करतं. त्यापेक्षा दुपारी कागद-खडू घेऊन बसा. त्या पांढऱ्या डोळ्यांच्या बाईचं चित्र त्यालाच काढू दे. मग तिला मिशा, चश्मा, एका पायात मोजा. भीतीवर हसायला मिळालं की ती जरा खाली बसते. हल्कच्या भीतीवर पुढे असाच उपाय झाला: त्या नटाला हिरवा रंग कसा लावतात, हे टप्प्याटप्प्याने मुलांना दाखवलं गेलं. तुम्हीही तुमच्या तोंडाला त्याच्या देखत पावडर फासा, आणि धुऊन दाखवा. बदल होताना दिसला पाहिजे आणि परत आई झालेलीही दिसली पाहिजे.

चिडवणं पूर्ण बंद, मोठ्यांचंसुद्धा. आणि ‘बाहेर बागुलबुवा आहे, झोप’ असलं काही घरात कुणी म्हणत असेल तर ते आधी थांबवा. टीव्हीला नावं ठेवण्यात मग अर्थ उरत नाही.

हे सगळं करून महिनाभरात फरक दिसायला हवा. भीती वाढतच गेली, बालवाडीत जायला नकार सुरू झाला, सुटलेलं अंथरूण ओलं करणं परत सुरू झालं, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. गरज असेल तर ते पुढे समुपदेशकाकडे पाठवतील. हे लाजण्यासारखं नाही आणि मालिकेशिवायही दुसरं काही कारण असू शकतं, तेही त्यातून कळेल.

सात-आठ वर्षांचा झाला आणि तेव्हा त्याने मागितलं, तर नाही म्हणायचं कारण नाही. दिवसाउजेडी, मोठं कुणीतरी शेजारी, रिमोट त्याच्या हातात, आणि ‘बंद कर’ म्हटलं तर कुणीही हसायचं नाही. भीती वाटली तर आधी आवाज बंद करून बघायला शिकवा. संगीत गेलं की भल्याभल्या भुतांची हवा निघते. हा प्रयोग तुमच्या मुलीबरोबर आत्ताही करून बघा, तिला फार मजा येईल.

तिचं म्हणणं अगदी रास्त आहे. भावाचं वय ही तिची चूक नाही. तिला तिची मालिका सुट्टीच्या दुपारी काकाबरोबर बघू दे, धाकट्याला तेवढा वेळ तुम्ही किंवा बाबा बाहेर घेऊन जा. त्या बदल्यात तिने दोन गोष्टी कबूल करायच्या: गोष्ट भावाला सांगायची नाही, आणि त्याला अंधारात गाठून ‘भॉ’ करायचं नाही. दुसरी अट तिला जड जाईल. पहिल्या दोन-तीन वेळा मोडेलही, तेव्हा एक दुपार कापा आणि पुढच्या आठवड्यात परत द्या.